शेंगदाणा उजवीकडेच का जातो?

माजघर

मावसबहिणीचा मुलगा, पावणेदोन वर्षांचा. संक्रांतीच्या सुमारास घरात वड्यांसाठी भाजलेले दाणे ताटात पसरलेले, आणि हा येता-जाता मूठ मारत होता. कुणीतरी हसवलं, त्याला जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला. आजीने पाठ चोळली, "वर बघ, वर बघ" म्हणत टाळूवर फुंकर घातली. थोड्या वेळाने पोरगं शांत झालं. सगळ्यांना वाटलं, गेला दाणा खाली.

त्यानंतर खोकला काही जाईना. रात्री छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. एका दवाखान्यात बाळदमा सांगितला, नेब्युलायझर आणि अँटिबायोटिक सुरू झालं. औषधं चालू असेपर्यंत बरं, थांबली की पुन्हा तेच. एक्स-रे काढला तर "तसं काही नाही". शेवटी दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "खोकला सुरू झाला तेव्हा हा काय खात होता?" तेवढ्यावरून चक्रं फिरली. भूल देऊन दुर्बिणीने उजव्या फुप्फुसाच्या नळीतून अर्धा शेंगदाणा काढला. फुगून मऊ झाला होता. आता पोरगं ठणठणीत आहे.

डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले, "बहुतेक वेळा उजवीकडेच जातो." शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत तर दोन्ही फांद्या अगदी सारख्या असायच्या. मग उजवीकडेच का? मुळात अन्ननलिका सोडून दाणा तिकडे गेलाच कसा? आणि एक्स-रेत कसा दिसला नाही? इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

साशंक

वाचतोय. बाळ बरं आहे हे वाचून बरं वाटलं.

नाकासमोर

कान-नाक-घसा हाच माझा धंदा, त्यामुळे राहवत नाही. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

एक्स-रेत नाणं दिसतं, पिन दिसते, बॅटरीचा सेल दिसतो. शेंगदाणा दिसत नाही, कारण त्याची घनता आजूबाजूच्या मांसाहून फारशी वेगळी नसते. त्याने केलेली खोडी मात्र दिसू शकते. श्वास आत घेताना नळ्या किंचित रुंदावतात, सोडताना अरुंद होतात. अर्धवट अडकलेल्या दाण्याच्या कडेने हवा आत शिरते, पण सोडताना नळी दाण्यावर आवळली जाते आणि हवा आतच कोंडते. ते फुप्फुस फुगलेलं राहतं. पण हे कळायला फोटो श्वास सोडलेल्या क्षणाचा हवा, आणि पावणेदोन वर्षांच्या मुलाला "श्वास सोड" कोण सांगणार? म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी ठसक्याची हकीकत पक्की असेल तर आम्ही दुर्बीण घालतोच. हकीकत हाच सगळ्यात मोठा पुरावा.

तो "मधला शांत काळ" फार फसवा असतो. दाणा खालच्या नळीत जाऊन बसला की सुरुवातीचा खोकला थांबतो, कारण खोकल्याच्या सगळ्यात तिखट जागा स्वरयंत्रात आणि मुख्य नळी दुभागते तिथे आहेत. पुढे दाणा ओलावा शोषून फुगतो, त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं, आणि मग शिट्टी, ताप, न्यूमोनिया.

आता उजवीकडचं. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब. गळ्याखालच्या खळगीतून छातीच्या हाडावर बोट खाली फिरवा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. साधारण त्याच पातळीवर आत नळी दुभागते. उजवी फांदी रुंद, आखूड आणि बरीचशी सरळ खाली, लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. डावी अरुंद, जवळजवळ दुप्पट लांब आणि जास्त आडवी, कारण तिला महाधमनीच्या कमानीखालून वाट काढत जायचं असतं आणि डावीकडे हृदयाने जागा घेतलेली असते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोनच, तेही त्याच कारणाने. वरून पडलेली वस्तू सरळ वाट धरते.

एक दुरुस्ती मात्र जोडतो. अगदी लहान मुलांत दोन फांद्यांच्या कोनांमधला हा फरक मोठ्यांइतका ठळक नसतो. डावीकडून काढलेले दाणेही मी पाहिलेत. त्यामुळे "डावीकडे आवाज आहे म्हणजे दाणा नसणार" असं कुणी म्हणू नये.

आजीचा बटवा

डॉक्टर, छान समजावलंत. पण ते फुंकर घालणं आणि वर बघायला लावणं, ते चूक का? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

नाकासमोर

काकू, फुंकरीने काही बिघडत नाही. वर बघायला लावणं मात्र नको. ठसका लागलेल्याने पुढे वाकायला हवं. आणि मूल जोरात खोकतंय, रडतंय, आवाज फुटतोय, तोवर त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका, तोंडात बोट घालून चाचपू नका, पाय धरून उलटं टांगू नका. न दिसणारी वस्तू बोटाने आणखी आत ढकलली जाते.

आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र एक सेकंदही थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून-पालटून, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास. हे वाचून कळत नाही, एकदा बाहुलीवर करून बघा.

भूलथापा

वरचे डॉक्टर दुर्बीण घालतात तेव्हा मुलाला झोपवणारा मी. सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच नळीवर हक्क सांगतात अशी ही शस्त्रक्रिया. त्यांना दुर्बीण घालायची असते, मला प्राणवायू.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. दोन वर्षांच्या मुलाला आम्ही साडेचार मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घालतो. मोठ्या माणसाला सात ते आठ. आता अख्खा शेंगदाणा समोर ठेवून बघा. त्यातही गणित असं की, हवा संथ आणि सरळ वाहत असेल तर नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिथला अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत एक मिलिमीटर सूज आली तर घसा खवखवतो, बाळाच्या नळीत आली तर बरगड्या आत ओढल्या जातात.

आणि दाणा चावून का खात नाहीत? दीड-दोन वर्षांच्या मुलाला पुढचे दात असतात, त्यामुळे तो तुकडा तोडतो. भरडायला मागच्या दाढा लागतात, त्यातली दुसरी जोडी अडीच वर्षांच्या आसपास येते. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, सीताफळ बियांसकट, हे सगळं बंद. दाणे द्यायचेच तर कूट करून द्या, आपल्या स्वयंपाकघरात त्याची काय कमी आहे!

माजघर

दोघांनाही खूप खूप धन्यवाद. पहिला प्रश्न अजून शिल्लक आहे. दाणा त्या वाटेला लागलाच कसा?

नाकासमोर

कारण घशात दोन वाटा एकमेकींना छेदतात. नाक वर आणि मागे, तोंड खाली आणि पुढे. पण खाली उतरताना श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. म्हणजे प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून पलीकडे जावा लागतो. ही मांडणी किती धोक्याची आहे हे डार्विननेही १८५९ मध्ये लिहून ठेवलंय.

गिळताना गळ्यावर बोट ठेवा. कंठमणी वर उचलला जाईल. त्या सेकंदभरात श्वास थांबतो, स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, वरून एपिग्लॉटिसचं झाकण मागे वाकतं, आणि स्वरयंत्र वर-पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं. घास गेला की बहुतेकदा आपण आधी थोडा श्वास सोडतो, मग घेतो. म्हणजे चुकून काही राहिलं असेल तर बाहेर ढकललं जावं.

हसताना, बोलताना, पळताना मध्येच हपकन श्वास आत ओढला की हा क्रम मोडतो. तुमच्या भाच्याचं तेच झालं.

नवजात बाळाचं स्वरयंत्र खूप वर, जवळजवळ नाकाच्या मागच्या दाराशी असतं. म्हणून बाळ दूध ओढताना श्वासासाठी फारसं थांबत नाही. पुढे स्वरयंत्र खाली सरकतं, त्याच्या वर मोकळी पोकळी तयार होते, आणि तिचा उपयोग स्पष्ट स्वर काढायला होतो.

पायवाट

वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून पाणी पिताना ठसका लागतो, पण भात-वरण नीट जातं. हे उलटं नाही का? पाणी सोपं असायला हवं.

भूलथापा

उलटं नाही. पाणी वेगाने घसरतं, आणि झाकणं बंद व्हायला उशीर झाला की ते आधीच पोहोचलेलं असतं. घट्टसर पदार्थ सावकाश सरकतो, स्नायूंना वेळ मिळतो. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, छोटे घोट द्या, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. हनुवटीची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना एकदा दाखवा. एक गोष्ट लक्षात ठेवा. काही रुग्णांत ठसका येतच नाही आणि अन्न बिनआवाज खाली जात राहतं. जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होत असेल, वरचेवर ताप येत असेल तर वाट बघू नका.

न्यूजर्सीकर

फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये शव्हालिए जॅक्सन या डॉक्टरचा संग्रह आहे. लोकांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून त्याने काढलेल्या वस्तू, एकूण २३७४, खणांमध्ये मांडून ठेवल्यात. उघड्या सेफ्टी पिना, बटणं, नाणी, खिळे, हाडं, दाणे. माझी मुलगी प्रत्येक खण उघडून बघत होती, मी मात्र तिसऱ्या खणानंतर बाहेरच्या बाकावर. घरी आल्यावर पाहुण्यांसमोरच्या टीपॉयवरची सुक्या मेव्याची वाटी पहिल्यांदा वर कपाटात गेली.

नाकासमोर

जॅक्सन म्हणजे आमच्या शाखेतला मोठा माणूस. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्ताव किलियानने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून डुकराच्या मांसातलं हाड नळी घालून काढलं. कोकेन लावून घसा बधिर केला होता. हाड कुठे अडकलं होतं? उजव्या फांदीत!

योगिनी

विषय नाकाकडे न्यायचाय, चालेल ना? आमच्या योगवर्गात सांगतात की एका वेळी एकच नाकपुडी जोरात चालते, चंद्रस्वर आणि सूर्यस्वर, आणि काही तासांनी बदलते. मी आरशावर वाफ धरून बघितलंय, खरंच दोन डाग वेगवेगळे पडतात.

साशंक

आलं! आता "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" सुरू होणार. (हलके घ्या.)

नाकासमोर

साशंकराव, निरीक्षण खरं आहे. नाकात प्रत्येक बाजूच्या भिंतीवर तीन वळलेली हाडं असतात आणि त्यांच्यावरचं अस्तर रक्ताने फुगतं-ओसरतं. एका बाजूचं फुगलं की दुसरीचं ओसरतं, आणि काही तासांनी अदलाबदल होते. युरोपात कायझर नावाच्या डॉक्टरने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. स्वरशास्त्रवाल्यांनी ते आधी टिपलं होतं, यात वाद नाही. पण चंद्रस्वर चालू असताना प्रवासाला निघावं की नाही, हे माझ्या तपासणीत येत नाही. सगळ्यांमध्ये ही अदलाबदल घड्याळासारखी नियमितही नसते. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते, ते वेगळं. "एका नाकाने श्वास येतो" म्हणून ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या कितीतरी लोकांना मी फक्त हे समजावून परत पाठवलंय.

त्या वळलेल्या हाडांचं काम हवा तापवणं आणि ओली करणं. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की नागपूरचा मे महिना, फुप्फुसाच्या आतल्या भागात हवा पोहोचते ती ३७ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली. तोंडाने श्वास घेतला की यातलं बरंचसं काम चुकतं, म्हणून सर्दीत सकाळी घसा कोरडा पडतो.

योगिनी

आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम?

भूलथापा

यावर प्रयोग झालाय. नाकाभोवतीच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो. स्टॉकहोममधल्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं, तर साध्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणत सोडलेल्या श्वासात हा वायू पंधरापट निघाला. आवाजाच्या कंपनाने सायनसमधली हवा खेळती होते म्हणून. यावरून "भ्रामरीने सायनस बरा होतो" अशी उडी मारू नका, एवढंच.

साशंक

बरं, मान्य. पण एवढी लांबलचक नळी हवीच कशाला? नाकाशेजारीच फुप्फुस ठेवलं असतं तर ठसकाही नको न् दाणाही नको.

भूलथापा

प्रश्न गमतीचा, पण त्यात दम आहे, कारण या नळीची किंमत आपण प्रत्येक श्वासाला मोजतो. शांत बसल्यावर एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० मिलिलिटर नाक-घसा-नळ्यांमध्येच राहते आणि तशीच बाहेर येते. तिचा रक्ताशी संबंधच येत नाही. कामाची फक्त ३५०.

आता दोन माणसं घ्या. एक मिनिटाला १२ श्वास घेतो, ५०० चे. दुसरा घाबरून २४ घेतो, २५० चे. दोघांचीही एकूण हवा मिनिटाला सहा लिटर. पण पहिल्याच्या फुप्फुसात कामाची हवा पोहोचते ४.२ लिटर, दुसऱ्याच्या फक्त २.४. धाप लागलेल्या माणसाला आम्ही "सावकाश, खोल" म्हणतो त्याचं कारण हे.

तारकर्लीला स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यात डोकं घालणाऱ्यांना, ती नळी इतकी आखूड का, असा प्रश्न पडतो. लांब केली की ही वाया जाणारी हवा वाढते, हा एक भाग. दुसरा जास्त गंभीर. मीटरभर खोलीवर छातीवर पाण्याचा जो दाब येतो, तो जवळजवळ आपल्या श्वसनस्नायूंच्या कमाल ताकदीइतका असतो. नळी तोंडात असूनही छाती फुगवता येणार नाही.

आणि नळी हवीच, कारण शेवटचं दुकान फार नाजूक आहे. मुख्य नळीपासून साधारण तेवीस वेळा दुभागत गेल्यावर वायुकोश लागतात. एका अभ्यासात मोजलेली सरासरी ४८ कोटी. सगळे उलगडून पसरले तर पुस्तकी आकडा ७० चौरस मीटर, म्हणजे पुण्यातला साडेसातशे फुटांचा कार्पेट टू बीएचके. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ. रक्तपेशी तिथे पाऊण सेकंद थांबते आणि तिचं काम त्याच्या एक तृतीयांश वेळात उरकतं. अशा पडद्यावर थेट धूळ आणि गार हवा सोडून कसं चालेल?

पायवाट

वाखूसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला, दहावीला आहे. तो म्हणाला, पुस्तकात असं का नाही लिहीत.

आजीचा बटवा

धुळीवरून विचारते. आयुष्याची पंचवीसेक वर्षं चुलीपुढे गेली. विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी डॉक्टर म्हणतात फुप्फुसं ओढणाऱ्यासारखी झालीत. असं कसं?

भूलथापा

काकू, अगदी असंच होतं, आणि खेड्यांतल्या कितीतरी बायकांचं झालंय. नळ्यांच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते वरचा चिकट थर, अडकलेल्या धुळीसकट, घशाकडे ढकलत राहतात आणि आपण नकळत गिळतो. मोठे कण नाकातच अडकतात, मधले या थरात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात नेमके तेच भरपूर. वर्षानुवर्षांच्या धुराने केसांचं काम मंदावतं, कफ साठतो, नळ्या जाड होतात. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, झाली नसेल तर करून घ्या. आणि पंप दिलाय का तुम्हाला?

आजीचा बटवा

दिलाय. पण शेजारीण म्हणाली पंपाची सवय लागते, म्हणून गोळीच घेते.

भूलथापा

शेजारणीला हा हिशोब दाखवा. पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल (नळ्या मोकळ्या करणारं औषध) १०० मायक्रोग्रॅम. गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थोड्या औषधात थेट नळीत. स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून घ्या, श्वास सावकाश ओढून दहा सेकंद धरा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आजीचा बटवा

बरं. उद्याच विचारते.

खर्ज

इतका वेळ नुसता वाचत होतो. गाण्याचा विद्यार्थी आहे. गुरुजी म्हणतात "पोटातून श्वास घे". हवा पोटात जात नाही हे माहीत आहे, मग नेमकं काय होतं? आणि स्वरतंतू पहिल्यांदा कोणी पाहिले?

नाकासमोर

श्वासपटल खाली उतरतं आणि पोटातल्या अवयवांना ढकलतं, म्हणून पोट पुढे येतं. शांत श्वासात ते एक-दोन सेंटिमीटर सरकतं, खोल श्वासात दहापर्यंत. गुरुजींचं म्हणणं गायकासाठी बरोबरच आहे. छाती-खांदे उचलून घेतलेला श्वास हळूहळू सोडता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडेल. जिवंत माणसाचे गाताना हलणारे स्वरतंतू नीट पाहून त्यांचं वर्णन केलं ते एका गाणं शिकवणाऱ्याने. मान्वेल गार्सिया, १८५४. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचाच गळा पाहिला. पुढे शंभरी ओलांडून जगला.

खर्ज

वा! हे गुरुजींना सांगायलाच हवं. एक शेवटचं. आवाज बसला तर किती दिवस थांबावं? आमच्यात सगळे ज्येष्ठमध चघळत महिनोन् महिने काढतात.

नाकासमोर

सर्दी-खोकल्यानंतर बसलेला आवाज बहुतेक दोन आठवड्यांत सुटतो. तोवर गाणं बंद, कुजबुजणंही बंद, कारण कुजबुजतानाही बरेच जण गळा आवळतात. तीन आठवड्यांच्या वर गेला तर घशात दुर्बीण घालून बघायचंच, तंबाखूवाल्यांनी तर आधीच. डाव्या स्वरतंतूची नस गळ्यातून सरळ न येता आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. त्यामुळे कधी कधी गळा निरोगी असतो, दुखणं छातीत असतं, आणि पहिली तक्रार असते फक्त बसलेल्या आवाजाची. अशा रुग्णाला मी गळ्याबरोबर छातीचाही स्कॅन लिहून देतो.